वॉशिंग्टन: गावाचं नाव आणि आडनाव – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘वॉशिंग्टन’ या नावाचा अर्थ थोडक्यात काय?

‘ह्वस्सा नावाच्या माणसाची मालमत्ता’ किंवा ‘ह्वस्साची वस्ती’. हा अर्थ ईशान्य इंग्लंडमधल्या एका गावाचा आहे. त्या गावावरून एका घराण्याला आडनाव मिळालं, त्या घराण्याची एक शाखा अमेरिकेत गेली, तिथल्या एका माणसामुळे राजधानीला, राज्याला आणि शेकडो गावांना हे नाव पडलं. पुढे लाखभराहून अधिक कृष्णवर्णीय अमेरिकनांचं ते आडनाव झालं. यातल्या बहुतेकांचा त्या ह्वस्साशी रक्ताचा काडीचाही संबंध नाही. नावाचा अर्थ आणि नाव लावणाऱ्याची वंशावळ या दोन गोष्टींची गल्लत झाली, की पुढची सगळी उत्तरं चुकत जातात.

हे मूळ गाव नेमकं कुठे आहे?

न्यूकासल आणि संडरलंड यांच्या मधोमध, वेअर नदीच्या उत्तरेला. पूर्वापार ते डरहॅम परगण्यातलं. १९७४ पासून टाइन अँड वेअरमध्ये आणि संडरलंडच्या कारभाराखाली आहे. १९६४ मध्ये सरकारने तिथे ‘न्यू टाउन’ वसवायचं ठरवलं, त्यामुळे आज तिथे गेलात तर आधी दिसतात त्या वसाहती, गोल चौक आणि कारखाने. जुनं गाव मधोमध दडलेलं आहे.

नावाची फोड कशी करायची?

तीन तुकडे करा: ह्वस्सा + इंग + तून.

पहिला तुकडा विशेषनाम. दुसरा ‘-इंग-’ हा जोडणारा घटक, ‘त्याच्याशी संबंधित’ अशा अर्थाचा. तिसरा जुन्या इंग्रजीतला ‘तून’. मराठी कानाला तो ‘घरातून’मधला प्रत्यय वाटेल, पण हे स्वतंत्र नाम आहे. त्याचा सुरुवातीचा अर्थ कुंपण किंवा कुंपण घातलेली जागा. जर्मनमधला ‘त्साउन’ म्हणजे कुंपण हा त्याचाच भाऊबंद. मग कुंपणाच्या आतलं शेतघर, मग जमीनजुमला, मग गाव, आणि शेवटी आजचा ‘टाउन’. आपल्याकडच्या ‘वाडी’चा प्रवास ताडून बघा. कोकणात नारळी-पोफळीची कुंपण घातलेली बाग ही वाडी आणि चार घरांची वस्ती ही पण वाडी. शब्द कुंपणापासून निघून माणसांपर्यंत पोचला, तसंच हे.

गावाच्या नावाच्या शेवटी हा ‘तून’ घासून ‘-टन’ झाला. इंग्लंडच्या नकाशावर शेवटी ‘-टन’ असलेल्या गावांची रांगच आहे. मात्र ‘-डन’ दिसला तर थांबा. तिथे बऱ्याचदा ‘दून’ म्हणजे टेकडी असते. ॲबिंग्डन म्हणजे ॲब्बाची टेकडी, वस्ती नव्हे.

काही ठिकाणी ‘वस्साच्या लोकांचं गाव’ असा अर्थ दिलेला असतो. तो चूक का?

चूक नाही, पण तो दुसऱ्या वॉशिंग्टनचा आहे. दक्षिणेला, सुमारे साडेचारशे किलोमीटरवर, वेस्ट ससेक्समध्ये साउथ डाउन्स टेकड्यांच्या पायथ्याशी वॉशिंग्टन नावाचं लहान खेडं आहे. त्याचं दहाव्या शतकातलं रूप ‘वेस्सिंगातून’ असं मिळतं आणि १०८६ च्या डूम्सडे बुकात (राजाने करवलेल्या जमीनपाहणीच्या नोंदवहीत) ‘वासिंगेतुने’.

इथे ‘इंग’च्या पुढचा तो लहानसा स्वर बघा: ‘इंगा’, ‘इंगे’. तोच महत्त्वाचा. ‘-इंगा-’ ही षष्ठीची अनेकवचनी खूण आहे, ‘अमक्याच्या माणसांचं, कुळाचं, अनुयायांचं’. म्हणून ससेक्सचं वॉशिंग्टन म्हणजे ‘वस्साच्या लोकांची मालमत्ता’. डरहॅमच्या जुन्या नोंदीत तो स्वर नाही, ‘वस्सिंग्टोना’ असं आहे (शेवटचा ‘आ’ लॅटिन लेखनामुळे). म्हणून तिथे ‘ह्वस्साशी निगडित मालमत्ता’ एवढंच म्हणता येतं, लोक किंवा कुळ त्यात आणता येत नाही. एका अक्षराचा फरक, पण अर्थ एका माणसावरून अख्ख्या जमावावर जातो.

ह्वस्सा आणि वस्सा ही वेगळी नावं. एकाच माणसाने दोन गावं वसवली अशी कथा कुठे दिसली तर सोडून द्या.

हा ह्वस्सा कोण होता?

त्याच्याबद्दल गावाच्या नावापलीकडे काहीही शिल्लक नाही. स्थाननामांच्या कोशात अशा नावाआधी तारांकन असतं. त्याचा अर्थ ‘हे नाव स्वतंत्रपणे कुठल्याही कागदात सापडलेलं नाही, गावाच्या नावावरून अभ्यासकांनी बांधलेलं आहे’. नोंदी उतरवून घेताना लोक ते तारांकन गाळतात, आणि दोन-तीन नकलांनंतर ह्वस्सा हा चक्क ‘सॅक्सन सरदार’ होऊन बसतो.

ह्वस्सा म्हणजे ‘गव्हाची पेंढी’ असं वाचलं. मग वॉशिंग्टन म्हणजे ‘पेंढ्यांचं गाव’ का?

नाही. विशेषनामाचा शब्दार्थ गावाच्या नावाच्या अर्थात मिसळायचा नसतो. गणेशवाडी म्हणजे ‘गणांच्या ईशाची वाडी’ असं आपण कधी सांगत नाही, गणेश नावाच्या कुणाची तरी किंवा गणपतीच्या नावाने ओळखली जाणारी वाडी म्हणतो. पेंढीची व्युत्पत्ती खरी धरली तरी गावाचा अर्थ बदलत नाही.

धुणं, कपडे, पाणी यांच्याशी काही संबंध?

काहीच नाही. इंग्रजीतल्या ‘धुणे’ या क्रियापदाशी साम्य दिसतं ते नंतर आलेल्या ‘श’मुळे. जुन्या रूपांत ‘स’ आहे: वस्सिंग्टोना, वेस्सिंग्टन. परिचयाच्या शब्दासारखं ऐकू आलं की लोक नाव त्या बाजूला ओढतात, हे जगात सगळीकडे चालतं. जवळून नदी वाहते म्हणून तर हा समज आणखी पक्का होतो.

मूळ गाव डूम्सडे बुकात का सापडत नाही?

कारण डूम्सडेच्या पाहणीत डरहॅम आणि नॉर्थंबरलंड घेतलेच नव्हते. डूम्सडेत ‘वॉशिंग्टन’ शोधाल तर ससेक्सचं मिळेल, आणि अनेकजण तेच जॉर्ज वॉशिंग्टनच्या घराण्याचं गाव समजून पुढे जातात. नवख्या शोधकाची ही सगळ्यात नेहमीची चूक.

डरहॅमसाठी त्या जागी आहे ‘बोल्डन बुक’. डरहॅमचा बिशप ह्यू द प्युझे याने ११८३ मध्ये आपल्या ताब्यातल्या गावांची, सारा-वेठीची नोंद करवून घेतली, ती ही. मूळ प्रत आता नाही, नंतरच्या नकला आहेत. म्हणून त्यातलं लेखन बाराव्या शतकातल्या कारकुनाचं की नंतरच्या नक्कलकाराचं, हा प्रश्न प्रत्येक नावापाशी मनात ठेवायचा.

गावाचं नाव आडनाव कधी आणि कसं झालं?

त्याच बोल्डन बुकात उत्तर आहे. नोंदीचा आशय असा: विल्यम द हर्टबर्न याच्याकडे वॉशिंग्टन आहे, चर्च आणि चर्चची जमीन सोडून, हे त्याला हर्टबर्न गावाच्या बदल्यात मिळालं, त्याने चार पौंड भरायचे, आणि बिशपच्या मोठ्या शिकारीला चार ग्रेहाउंड घेऊन हजर राहायचं.

म्हणजे आधी हा माणूस ‘हर्टबर्नचा’ होता. स्टॉकटनजवळचं हे हार्टबर्न गाव वॉशिंग्टनच्या दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवर. जमिनीची अदलाबदल झाली आणि त्याचं घराणं ‘वेस्सिंग्टनचं’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. अदलाबदल फिसकटली असती, तर अमेरिकेची राजधानी ‘हार्टबर्न’ झाली असती. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ छातीतली जळजळ, तेव्हा झालं ते बरंच झालं.

नावातला ‘द’ म्हणजे ‘अमक्या गावचा’, आपल्या ‘-कर’सारखा. फरक इतकाच, की तो शब्दाआधी येतो आणि पुढे गळून पडतो. चौदाव्या-पंधराव्या शतकापर्यंत इंग्लंडमध्ये आडनावं वंशपरंपरेने स्थिरावली आणि नुसतं गावाचं नाव उरलं.

गावाचं नाव दोन प्रकारे चिकटतं. जमीनदार असाल तर तिथे राहत असताना. साधा माणूस असाल तर गाव सोडल्यावर: पुण्यातच राहणाऱ्याला ‘पुणेकर’ हे आडनाव सहसा लागत नाही, साताऱ्याला जाऊन राहिला की लागतं. हर्टबर्नचं उदाहरण पहिल्या प्रकारचं. पण इंग्लंडमधले सगळे वॉशिंग्टन त्याचेच वंशज नव्हेत. दोन्ही गावांतून बाहेर पडलेल्या कुणालाही हे नाव लागू शकलं असतं.

वेस्सिंग्टन, वॉसिंग्टन, वॉशिंग्टन ही वेगळी आडनावं आहेत का?

डरहॅमच्या घराण्यात ही एकाच नावाची लेखनं आहेत. पंधराव्या शतकात डरहॅमच्या मठाचा प्रमुख असलेला जॉन वेस्सिंग्टन हा नेहमी दिला जाणारा दाखला.

पण सावध राहा. डर्बीशरमध्ये वेस्सिंग्टन नावाचं एक वेगळंच गाव आहे. त्याचं डूम्सडेतलं रूप ‘विस्तानेस्तुने’, म्हणजे विग्स्तान नावाच्या माणसाची वस्ती. त्यात ‘इंग’ कधी नव्हताच, झिजता झिजता तसा दिसू लागला. आजचं लेखन सारखं म्हणून मूळ सारखं, असं इंग्लिश नावांच्या बाबतीत कधीच धरू नये.

जॉर्ज वॉशिंग्टनपर्यंत हे नाव कसं पोचलं?

डरहॅममधली मूळ शाखा पुरुषवारसाअभावी पंधराव्या शतकाच्या तोंडाशी थांबली आणि वाडा लग्नसंबंधातून मॅलरी घराण्याकडे गेला. पण त्याआधीच एक शाखा वायव्येकडे, वेस्टमोरलंड-लँकेशरच्या बाजूला गेली होती. तिथून लॉरेन्स वॉशिंग्टन नॉर्थॅम्प्टनला आला, लोकरीच्या व्यापारात वर आला, दोनदा तिथला महापौर झाला. आठव्या हेन्रीने मठ खालसा करून जमिनी विकायला काढल्या, तेव्हा १५३९ मध्ये त्याने सल्ग्रेव्ह गावची मालमत्ता ३२४ पौंड १४ शिलिंग १० पेन्सला घेतली. तिथला वाडा आजही बघता येतो.

त्याच्याच वंशातला आणखी एक लॉरेन्स एसेक्समधल्या पर्ली गावी धर्मोपदेशक होता. यादवी युद्धात, १६४३ मध्ये, पार्लमेंटवाल्यांनी त्याला दारूच्या गुत्त्यात सतत पडून असल्याच्या आरोपावरून काढून टाकलं. (आरोप किती खरा आणि राजाच्या बाजूचा असल्याचा राग किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.) घर बसलं. त्याचा मुलगा जॉन व्यापारी जहाजावर चढला, १६५७ मध्ये ते पोटोमॅक नदीत रुतलं, आणि जॉन व्हर्जिनियातच राहिला. जॉनचा लॉरेन्स, लॉरेन्सचा ऑगस्टिन, ऑगस्टिनचा जॉर्ज. म्हणजे जॉन हा जॉर्जचा पणजोबा.

स्वतः जॉर्जला यात फारसा रस नव्हता. लंडनचे राजचिन्ह-अधिकारी आयझॅक हर्ड यांनी वंशावळ विचारली, तेव्हा १७९२ मध्ये त्याने उत्तर दिलं, पण या विषयाकडे आपण फारसं लक्ष दिलेलं नाही हेही कळवलं.

आजचे वॉशिंग्टन आडनावाचे लोक जॉर्जचे वंशज असतात का?

जॉर्जचा थेट वंशज कुणीच नाही, कारण त्याला स्वतःचं मूल नव्हतं. पत्नी मार्थाची पहिल्या लग्नाची मुलं त्याने वाढवली. नाव भावांच्या वंशातून चाललं: जॉर्जचा माउंट व्हर्ननचा वाडा पुतण्या बुशरॉड वॉशिंग्टनकडे गेला, जो सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश होता. ‘जॉर्ज वॉशिंग्टनचे खापरपणतू’ असं कुणी सांगत असेल, तर फार तर भावाच्या बाजूने.

अमेरिकेत हे आडनाव बहुतांशी कृष्णवर्णीयांचं का?

२००० च्या अमेरिकन जनगणनेत हे आडनाव असलेले १,६३,०३६ लोक मोजले गेले आणि त्यांतले जवळजवळ ९० टक्के कृष्णवर्णीय होते. याचं सोपं उत्तर सगळीकडे दिलं जातं: ‘मालकाचं नाव गुलामांना लागलं.’ इथे ते फारसं बसत नाही.

१७९९ मध्ये माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम होते. त्यांतले १२३ जॉर्जच्या मालकीचे. त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे मार्थाच्या मृत्यूनंतर त्यांना सोडायचं होतं, तिने १ जानेवारी १८०१ लाच मुक्त केलं. एवढ्या माणसांतून दीड लाखाचा आकडा निघत नाही. शिवाय तिथल्या अनेकांची स्वतःची वेगळी आडनावं होती. मालकाच्या वहीत फक्त पहिलं नाव लिहिलं जाई, म्हणून आडनाव नव्हतंच असं नाही. आपापसांत ती चालत होती.

नाव घेतलेला एक ठळक माणूस मात्र आहे: हॅरी वॉशिंग्टन. आफ्रिकेत जन्मलेला हा गुलाम क्रांतियुद्धात माउंट व्हर्ननवरून पळून ब्रिटिशांना मिळाला. १७८३ मध्ये न्यूयॉर्क सोडणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या ब्रिटिश यादीत त्याचं नाव आहे. तिथून नोव्हा स्कोशिया, मग १७९२ मध्ये सिएरा लिओन. आणि तिथेही पुढे वसाहत चालवणाऱ्या कंपनीच्या कारभाराविरुद्धच्या बंडात तो सामील झाला.

मोठी लाट आली ती १८६५ नंतर, गुलामगिरी संपल्यावर. कागदोपत्री आडनाव सांगायची वेळ आली तेव्हा अनेकांनी देशात सगळ्यांना माहीत असलेलं, मानाचं नाव निवडलं. काहींकडे ते आधीपासून होतं. गोऱ्यांमध्ये हे आडनाव मुळातच कमी होतं, म्हणून प्रमाण असं एकतर्फी दिसतं.

बुकर टी. वॉशिंग्टन आणि जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी हे नाव कुठून घेतलं?

बुकर १८५६ मध्ये व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मले. शाळेत हजेरीच्या वेळी इतर मुलांना दोन-दोन नावं असल्याचं दिसलं, आपल्याला एकच. विचारल्यावर त्यांनी ‘बुकर वॉशिंग्टन’ असं सांगून टाकलं. त्यांच्या सावत्र वडिलांचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं. मधला ‘टी’ म्हणजे टॅलिआफेरो. ते आईने ठेवलेलं नाव त्यांना नंतर कळलं.

कार्व्हर मराठी वाचकांना घरातले वाटतात, त्यामुळे हा प्रश्न हमखास येतो. त्यांचं आडनाव कार्व्हर, मालकाच्या कुटुंबाचं. ‘वॉशिंग्टन’ हे मधलं नाव नंतर चिकटलं: दुसऱ्या एका जॉर्ज कार्व्हरशी गोंधळ होऊ नये म्हणून त्यांनी मध्ये एक आद्याक्षर घातलं, आणि ते कशाचं असं विचारल्यावर वॉशिंग्टनला होकार दिला, अशी हकीकत सांगितली जाते. स्वतः ते सही ‘जॉर्ज डब्ल्यू. कार्व्हर’ अशीच करत. १८९६ मध्ये त्यांना टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेत बोलावलं ते तिचे प्रमुख बुकर वॉशिंग्टन यांनीच. दोघांचं नातं नाही.

मग क्रिकेटपटू वॉशिंग्टन सुंदर?

तिथे वॉशिंग्टन हे आडनाव नाही, ठेवलेलं नाव आहे. सुंदर हे वडिलांचं नाव, तमिळ पद्धतीने पुढे लावलेलं. वडिलांना तरुणपणी क्रिकेटसाठी मदत करणाऱ्या एका माजी सैनिकाचं नाव वॉशिंग्टन होतं, त्याची आठवण म्हणून मुलाला ते दिलं. अमेरिकेच्या अध्यक्षांशी थेट संबंध नाही. पहिलं नाव म्हणून हे जगात बरंच फिरलंय. १७८३ मध्ये जन्मलेले अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्विंग किंवा १९२६ ते १९३० या काळातले ब्राझीलचे अध्यक्ष वॉशिंग्टन लुईस ही जुनी उदाहरणं.

आमचे नातेवाईक ‘वॉशिंग्टनला’ असतात. कुठल्या?

सिॲटल, रेडमंड, बेलव्ह्यू ही गावं बोलण्यात आली तर राज्य, पॅसिफिकच्या किनाऱ्यावरचं. पत्त्यात ‘डब्ल्यूए’ लिहिलेलं असतं. संसद, व्हाइट हाउस, पोटोमॅक ही राजधानी, पत्त्यात ‘डीसी’. दोघांत विमानाने सुमारे ३,७०० किलोमीटर. चुकीचं तिकीट काढलं तर भेट होणार नाही.

राजधानीचं नाव १७९१ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या आयुक्तांनी ठरवलं, जॉर्ज हयात आणि पदावर असतानाच. राज्याची गंमत वेगळी. तिथल्या लोकांनी ‘कोलंबिया’ नाव मागितलं होतं. ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया’शी गोंधळ होईल म्हणून १८५३ मध्ये काँग्रेसने ते बदलून ‘वॉशिंग्टन’ केलं. गोंधळ टळला असं आज कुणी म्हणणार नाही.

अमेरिकेचा झेंडा या घराण्याच्या चिन्हावरून घेतला का?

वॉशिंग्टन घराण्याची ढाल पांढरी, त्यावर दोन आडवे लाल पट्टे आणि वर तीन लाल तारे. साम्य डोळ्यांत भरतं, पण राष्ट्रध्वज त्यावरून घेतल्याचा पुरावा नाही. राजधानीचा, म्हणजे डीसीचा झेंडा मात्र थेट या ढालीवरूनच आहे, १९३८ मध्ये स्वीकारलेला.

याला जोडून: ‘तुमच्या आडनावाचं राजचिन्ह’ म्हणून फ्रेम, मग, अंगठ्या विकल्या जातात. इंग्लंडमध्ये राजचिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एका व्यक्तीला मिळतं आणि तिच्या औरस पुरुषवंशात चालतं. नुसतं आडनाव वॉशिंग्टन आहे म्हणून ती ढाल कुणाची होत नाही.

एखाद्या इंग्लिश गावाच्या नावाची व्युत्पत्ती स्वतः तपासायची तर?

आजचं लेखन बाजूला ठेवा. आधी गाव नक्की करा, परगण्यासकट, कारण एकाच नावाची गावं ढिगाने असतात. मग जुनी रूपं सालवार लिहून काढा, जुन्यात जुनं सर्वांत वर. इंग्लिश प्लेस-नेम सोसायटी १९२० च्या दशकापासून परगणावार खंड काढते आहे. नॉटिंगहॅम विद्यापीठाचा नकाशावर शोधता येणारा संग्रहही आहे. आधी तिथे बघा.

चार-पाच रूपं हाती आली की शेवटापासून मागे या: ‘-तून’, ‘-हाम’, ‘-दून’, ‘-ली’ यांपैकी काय? मग ‘इंग’ की ‘इंगा’? उरलेलं ते विशेषनाम, की झाड, प्राणी, ओढा? शेवटी जागा बघा. नावात टेकडी आणि जमीन सपाट, असं निघालं तर फोड चुकली.

एकाच रूपावर कधी विसंबू नका. नॉर्मन कारकून कानाला आलं तसं लिहीत, लॅटिन शेपूट जोडत. एकट्या विचित्र रूपावर उभारलेली व्युत्पत्ती बहुधा पडते.

इंग्लंडमधल्या वॉशिंग्टन कुटुंबाचा माग कसा काढायचा?

नेहमी आजपासून मागे, जॉर्जपासून पुढे कधीच नाही. सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदी १ जुलै १८३७ पासून आहेत. जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं आडनाव असतं, विवाहदाखल्यावर दोघांच्या वडिलांची नावं आणि धंदे. मग दर दहा वर्षांची जनगणना. १८४१ मध्ये पंधराच्या पुढच्यांची वयं साधारणपणे पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिली आहेत (३४ चा माणूस ३० चा दिसतो) आणि जन्मगाव दिलेलं नाही. १८५१ मध्ये ते मिळतं, म्हणून तिथपर्यंत पोचणं मोलाचं. १९३१ ची जनगणना आगीत गेली, १९४१ ची झालीच नाही.

१८३७ च्या मागे चर्चच्या वह्या, १५३८ पासून. इथे तारखांचा फास असतो: १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला सुरू होई. जॉर्जचा जन्म तेव्हाच्या हिशेबाने ११ फेब्रुवारी १७३१, आजच्या हिशेबाने २२ फेब्रुवारी १७३२. हे विसरलात तर लग्नाआधी मूल जन्मल्याचा भास होतो आणि चांगली साखळी तुटते.

शोधताना एस एकदा की दोनदा, एच आहे की नाही, पहिला स्वर ए की ई, अशी सगळी लेखनं टाकून बघा.

आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वॉशिंग्टन कुटुंबाचा?

१८७० च्या जनगणनेपर्यंत काम तसं सरळ जातं. गुलामगिरीतून सुटलेल्यांची नावानिशी नोंद झालेली ती पहिली जनगणना. मध्ये १८९० चे जवळजवळ सगळे कागद आगीमुळे गेलेत, तेव्हा १९०० वरून थेट १८८० वर उडी मारावी लागते.

१८७० च्या मागे भिंत उभी राहते. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या तक्त्यांत मालकाचं नाव असतं आणि त्याखाली ओळी: वय, लिंग, वर्ण. ‘३०, स्त्री, काळी. ८, पुरुष, मिश्र.’ नाव बहुधा नाहीच. अशा ओळीतून माणूस ओळखायचा तर आधी मालक कोण ते शोधावं लागतं, आणि मालकाचं आडनाव वॉशिंग्टनच असेल असं धरून बसलात तर वाट चुकते. १८७० मध्ये त्याच परिसरात राहणारे जमीनदार, १८६५ नंतरचे फ्रीडमेन्स ब्युरोचे (मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचे) मजुरीचे करार, त्यांच्याचसाठी काढलेल्या फ्रीडमन्स बँकेच्या खातेनोंदी इथून सुरुवात करा. बँकेच्या नोंदींत बऱ्याचदा आईवडील, भावंडं आणि पूर्वीचा मालक यांची नावं सापडतात. मालक कळला की त्याचं मृत्युपत्र आणि मालमत्तेच्या याद्या. तिथे पहिली नावं असतात, किमतीसह.

उच्चार आणि मराठी लेखन?

‘वॉशिंग्टन’. जोडाक्षर न करता ‘वॉशिंगटन’ असंही छापलेलं दिसतं, पण ‘ग’ पूर्ण उच्चारत नाहीत, म्हणून पहिलं बरं. अमेरिकेच्या काही भागांत जुने लोक मध्ये ‘र’ घालून ‘वॉर्शिंग्टन’ म्हणतात. ती बोलीची लकब आहे, वेगळं नाव नव्हे.

मूळ गावी बघण्यासारखं काय?

वॉशिंग्टन ओल्ड हॉल. १९३६ मध्ये राहण्यास अयोग्य ठरवून पाडायला निघालेली ही वास्तू स्थानिकांनी वाचवली, १९५५ मध्ये ती खुली झाली आणि १९५७ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे. दिसतो तो वाडा बहुतांशी सतराव्या शतकातला, म्हणजे घराणं तिथून गेल्यानंतरचा. त्यांच्या काळातल्या दगडी कमानी आत, स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यामध्ये आहेत, त्या चुकवू नका. १९७७ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर इथे येऊन झाड लावून गेले. जाण्यापूर्वी उघडण्याच्या वेळा बघून घ्या, आणि नकाशात शोधताना ‘टाइन अँड वेअर’ जोडा.